त्याच्यानंतर एक दिवस

बसा बाई, त्या निळ्या खुर्चीवर बसा, दुसरीचा पाय लटपटतो. सुई काढू नका एवढ्यात, पिशवी मांडीवरच राहू द्या. तुमचा तो पांढरा डबा मी लांबूनच ओळखला. ताईचं दुसऱ्यांदा रक्त न्यायला आलात, होय ना? त्याच्या आधी एक गोष्ट सांगतो, ती ऐका. तुमच्याच कामातली आहे. गिऱ्हाईक आलं तर थांबेल, टायर काही पळून जात नाहीत.

ताई नाही. बाहेर गेली असं नाही म्हणत मी. थंडी सरता सरता गेली.

तोंड पाडू नका हो. तुम्हाला बोल लावायला बसवलं नाही. पाणी घ्या, माठातलं आहे. तुम्ही आमच्या घरी घटकाभर आलात नि गेलात, तेवढ्यात घर कुठलं कळणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

हे पुढं दुकान. झिजलेले टायर येतात, ते घासायचे, वर नवीन रबराचा पट्टा चढवायचा, भट्टीत घालायचे, परत रस्त्यावर सोडायचे. आयुष्यभर हेच केलं. नखांतला काळा रंग आता माझ्याबरोबरच जाईल. मागं दोन खोल्या. एक माझी नि बायकोची, एक ताईची नि शेठची. शेठ म्हणजे ताईचा मुलगा, माझा भाचा. जन्मताना निळा पडला होता, डोक्याला वारा पोचला नाही. हातपाय लाकडासारखे, मान धरत नाही, बोलता येत नाही. पण समजतं सगळं. मी हातोडी बोटावर मारून घेतली की घरात पहिला हसणार तो. त्याला शेठ म्हणायला मीच सुरुवात केली. जुन्या ट्रकची सीट कापून, खाली चाकं लावून मी त्याला गादी करून दिली, त्यावर हा दिवसभर बसणार आणि आम्ही सगळे पुढंमागं पळणार. मग शेठ नाही तर काय म्हणायचं?

दाजी, म्हणजे त्याचा बाप, तो लहान असतानाच गेले. मेले नाहीत, सोडून गेले. तेव्हा मी ताईला इथं घेऊन आलो. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, पोरगं मोठं व्हायचं नाही. मग दुसरे म्हणाले, मिसरूड फुटेपर्यंत राहील. डॉक्टर बदलत गेले, शेठ बसलाय तिथंच. आता तिशी ओलांडली त्यानं. दाढी मी करतो त्याची.

ह्या घरात एक रीत होती. ताईचं आणि शेठचं ताट एक. ती खाईल तेच तो खाणार, पहिला घास त्याचा. आणि भरवायचं तिनंच. त्याला गिळता येत नाही नीट, घास चुकला की श्वासात जातो आणि काळानिळा होतो. तिला त्याची काय ती खुबी साधली होती. जेवायच्या वेळी ती खोलीचं दार लावून घ्यायची, कारण कुणी बघत असलं की तो ताठ व्हायचा. बाहेर नुसता तिचा आवाज यायचा, हं, हं, गेला का, हं. आम्हाला वाटायचं, बरंय, आई आणि लेकरू जेवतंय. आत ती काय करते ते कुणी कधी बघितलं नाही.

ताईला एकच धास्ती होती. मी आधी गेले तर ह्याचं कसं. म्हणायची, देवाकडं मी बाकी काही मागत नाही, मला ह्याच्यानंतर एक दिवस दे. एकच. ह्याला नीट पोचवते, खोली झाडून घेते आणि मग मी मोकळी.

अशात तुम्ही आलात. शेठच्या व्यायामाच्या केंद्रात तुम्ही अशा पोरांच्या आयांचं रक्त गोळा करत होता. मग घरी आलात, इथंच बसून तिला समजावलंत. मी दारात उभा होतो, हात काळे म्हणून आत आलो नाही. शरीराच्या कणाकणात, म्हणजे पेशीत, दोरे असतात, दोऱ्यांच्या टोकांना टोपणं असतात. त्यांचं नाव तुम्ही सांगितलं होतं, टेलोमिअर. ताईला तिथल्या तिथं पाठ झालं, माझी जीभ अजून अडखळते. कणानं आपल्यासारखा दुसरा कण केला की टोपण थोडं झिजतं. झिजून झिजून संपत आलं की तो कण काम सोडतो, आणि माणूस म्हातारा होतो त्यातलं थोडं ह्याच्यामुळं. जी माणसं वर्षानुवर्षं घोर करतात त्यांची टोपणं आखूड सापडतात. जी चालतात, वेळेवर झोपतात, भाजीपाला खातात, तंबाखूला शिवत नाहीत, त्यांची जरा बरी असतात. बरोबर सांगतोय ना?

आणि तुम्ही हेही म्हणालात, की हा पुष्कळ बायांचा मिळून काढलेला अंदाज आहे, ह्यावरून एका बाईचं किती राहिलं ते सांगता येत नाही. दोनदा म्हणालात. मी ऐकलंय. पण ताईनं पहिलं तेवढं घेतलं आणि कान मिटले.

तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, तुला कळलं का रे काही? म्हटलं, न कळायला काय झालं. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेले दोन टायर माझ्याकडं येतात. एकाची नक्षी अजून बोटाला लागते, दुसरा टकल्याच्या डोक्यासारखा गुळगुळीत. वय तेच, पण एकावर ओझं जास्त आणि चाकं वाकडी. मी कधी टायरचं वय विचारत नाही, कुठल्या रस्त्यावर फिरला ते विचारतो. तिला ते पटलं. म्हणाली, म्हणजे ओझं तेच राहिलं तरी चाक सरळ करता येईल.

आणि लागली की मागं. शेठ उठायच्या आत, उजाडताना, कारखान्याच्या लांब भिंतीकडेनं चालायची. मागं कुत्री लागायची, हळूहळू ती ओळखीची झाली. तळायची कढई खिळ्याला गेली ती गेलीच. पालेभाजी, कडधान्य, फळाची फोड. साखर बंद, मीठ चिमटीत. आमची ही म्हणायची, वन्सं, मीठ आता पाहुण्यासारखं येतंय, त्याला चहा तरी विचारू द्या. माझी तंबाखूची डबी गटारात गेली. मी दुसरी आणली, ती शर्टात नाही तर मोज्यात ठेवायला लागलो. संध्याकाळी ताई डोळे मिटून श्वास मोजत बसायची आणि शेठ तिच्याकडं बघून खिदळायचा.

इथपर्यंत सगळं झ्याक होतं. पण घोर करायचा नाही हे कसं करणार? भाजी बाजारात मिळते, बेघोरपणा कुठं मिळतो? तर तिनं काढला नियम. ह्या घरात काळजीची गोष्ट बोलायची नाही. कुणी काही वाईट काढलं की हाताचा पंजा उभा करायची आणि एकच शब्द, "टोकं." म्हणजे माझी टोकं झिजवू नका. माझी भट्टी जळाली, ते मी बायकोला गच्चीत जाऊन सांगितलं, कुजबुजत, चोरासारखं. हिचा भाऊ वारला, तर ही न्हाणीत नळ सोडून रडली. गंमतही व्हायची. डाळ तळाला लागली की ही म्हणायची, टोकं, आणि तशीच वाढायची. आम्ही सगळे हसायचो. तुम्हीही हसला असता.

आणि गुण आला की. ताई सडसडीत झाली, रंग उजळला. गिऱ्हाईक विचारायचे, ही धाकटी बहीण का? मी धाकटा आहे हो. मी आरशात बघायचो आणि मोज्यात हात घालायचो.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ताट एक होतं ना. जे तिच्या पोटात तेच शेठच्या पोटात. तिनं तेल सोडलं, त्याचं सुटलं. तिची पालेभाजी तीच त्याची, फक्त घोटून. सकाळचं ऊन अंगाला चांगलं म्हणून फिरून आली की त्याची गादी दारात आणायची. तर शेठचा खोकला गेला. पोट साफ व्हायला लागलं. गालावर मांस आलं. दर थंडीत छाती भरायची त्याची, दोन थंड्या भरलीच नाही. त्याला तपासायला म्हातारे डॉक्टर यायचे, ते नळी कानातून काढून म्हणाले, घोडा झालाय घोडा, हा तुम्हा सगळ्यांना पोचवून मग जाईल. आपले कौतुकानं म्हणाले ते. आणि ताईनं शेठच्या सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात लावली.

आमची ही फटकळ आहे, पण मनात ठेवत नाही. त्या दिवशी ती ताईच्या समोर जाऊन बसली. म्हणाली, "वन्सं, तुम्ही पळताय, पण त्याला कडेवर घेऊन पळताय. मग तुम्ही मागं राहणार कशा?"

ताईनं पंजा उभा केला नाही. शेठच्या तोंडाची लाळ पुसली आणि म्हणाली, "मग त्याला शिळं वाढू का?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच आहे ते. मी रोज चालताना हिशोब करते, की मी टिकायला पाहिजे. म्हणजे त्यानं टिकू नये. आई आहे मी त्याची. असलं मागणं मागून मी परत येते आणि त्यालाच पहिला घास देते. तूच सांग, मी काय करू?"

ही म्हणाली, मला शिकवा, मी भरवीन. एवढंच म्हणाली बिचारी. तिथंच सगळं सरळ झालं असतं, बाई. पण हे शिकवायचं म्हणजे आपण मरणार हे ताईनं बोलायचं. ताईनं तेव्हा पंजा उभा केला. टोकं. ही उठून चुलीकडं गेली. विषय परत निघाला नाही, आणि मीही काढला नाही, कारण नियम तो नियम.

त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. ताई गडद कपडे वापरायला लागली. आपले कपडे उजाडायच्या आत स्वतः धुवायची. चालणं चालूच, पण परत यायला उशीर. हिला शंका आली, हिनं विचारलं, तर पंजा. मी विचारलं, तर म्हणाली, तू आधी तुझा मोजा दाखव. मी हसलो. हसण्यावारी गेलं ते.

मग एक दिवस भिंतीकडेला बसली ती उठलीच नाही. ती ओळखीची कुत्री भोवती बसलेली. कारखान्याच्या चौकीदारानं मला बोलावून आणलं. दवाखान्यात नेलं. अंगावरून जात होतं तिच्या, वर्षभर. पाळी जाऊन किती काळ लोटला होता, आणि परत रक्त. गर्भाशयाचं दुखणं, ते पसरून लिव्हरपर्यंत गेलेलं. तिथली डॉक्टरीण वयानं मोठी, शांत बाई. तिनं विचारलं, पहिल्यांदा दिसलं तेव्हाच का नाही आलात, तेव्हा धरता आलं असतं. तर आमची ताई म्हणते, "घोर करायचा नाही असं ठरलं होतं आमच्यात." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं.

नंतर ताई मला म्हणाली, तपासायचं म्हणजे अख्खा दिवस मोडला असता. त्याला दुपारी कोण भरवणार होतं? आणि तपासून काही निघालं असतं तर तो घोर वेगळा. त्यापेक्षा म्हटलं चालत राहावं. चालल्यानं बरं होतं.

तुम्ही डोळे पुसू नका हो. तुम्ही तिला तपासायला जाऊ नको असं कुठं सांगितलं होतं? चांगलं खा, चाला, झोपा, ह्यात वाईट काय आहे? मी स्वतः दारात उभा होतो. पण माणूस बुडत असला ना की त्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो, आणि सगळा भार त्याच्यावरच टाकतो. ते किती भाराचं आहे हे कोण बघतं?

दवाखान्यात फार दिवस काढले नाहीत तिनं. इकडं घरी शेठ तोंड उघडेना. ही चमच्यानं दूध घालायची, अर्धं गळ्यावर, अर्धं आत, आणि आत गेलेलं खोकून बाहेर. मी ताईला जाऊन सांगितलं. तेव्हा तिनं पंजा उभा केला नाही. म्हणाली, पलंग डोक्याकडून उचलून दे. उशी मांडीवर घेतली. डावा हात असा वाकवला, उशीच्या खालून, जशी त्याची मान आहे. हनुवटी जराशी खाली, म्हणाली, वर कधी धरायची नाही. घास उजव्या गालात, जिभेवर नाही. अंगठा गळ्यावर असा खाली, हलक्यानं. आणि थांबायचं. "हं" म्हणायचं आणि थांबायचं. किती थांबायचं, मी विचारलं. म्हणाली, "कळतं रे." परत दाखव म्हटलं, तर परत दाखवलं. नाकाला नळी, हाताला सुई, आणि माझी बहीण उशीला जेवू घालतेय. बघ, गिळलं, म्हणाली. उशी काही गिळत नाही हो, बाई. मी काय शिकणार होतो त्यातून? मला दिसतच नव्हतं नीट.

शेवटी शेवटी ती घोर करायला लागली. साठवलेला सगळा. रात्र नाही, दिवस नाही, एकच, त्यानं खाल्लं का. मी म्हणायचो, खाल्लं. खोटं बोलायचो. ती म्हणायची, काय खाल्लं? मी भाजीचं नाव सांगायचो. त्याला ती भाजी आवडत नाही, म्हणायची. मग मी दुसरं नाव सांगायचो. असं करता करता गेली.

घरी आणल्यावर शेठला तिचं तोंड दाखवलं. गादी जवळ नेली. त्यानं बघितलं, आणि नजर वर छताकडं लावली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

त्यानंतरचं आता सांगतो, संपत आलंच. मी बसतो रोज त्याला घेऊन. डावा हात वाकवतो, हनुवटी खाली, घास उजव्या गालात. माझ्या हाताला रबराचा वास, तो काही साबणानं जात नाही. तो दात आवळतो. ही बसते, तर दात उघडतो, पण गिळत नाही, घास गालात धरून ठेवतो, तास होतो. नर्स ठेवली होती, चांगली होती पोरगी, तिच्या हातून दोनदा श्वासात गेलं, घाबरून सोडून गेली. शेजारच्या बाया येऊन गेल्या. नाकातून नळी घातली, ती त्यानं मान झटकून झटकून काढली, नाकातून रक्त आलं. आता दूध नि पातळ काहीबाही पोटात जातं तेवढं. घोडा म्हणाले होते ना डॉक्टर? आता उचलतो तर हाडं टोचतात मला.

आणि मी तंबाखू सोडली. खरी सोडली, मोज्यातलीही. उजाडताना चालायला जातो त्याच भिंतीकडेनं, गुडघे कुरकुरतात, कुत्री माझ्यावर भुंकतात. ही हसते मला. म्हणते, तुमची टोकं कुठली राहिलीत, तुम्ही कधीच टक्कल पडलेले टायर. पण भाजीत मीठ कमी घालते, न सांगता. आता त्याच्यानंतर एक दिवस मला पाहिजे, आणि माझ्यानंतर तिला. सरळ हिशोब आहे. फक्त आम्ही घरात आता सगळं बोलतो. मी मेलो तर काय, ही मेली तर काय, शेठच्या समोर बोलतो, तो ऐकतो.

परवा त्याला दवाखान्यात न्यायचंय. पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवणार आहेत, त्यातून पातळ अन्न सोडायचं. डॉक्टर म्हणतात, त्यानं वजन धरेल. धरू दे. मला तो हवाय. पण तोंडाला मग काही लागायचं नाही, असं मला वाटतं. लागतं कधी कधी, असं ते म्हणाले, पण मान खाली घालून म्हणाले.

ताईच्या रक्ताची पहिली नळी तुमच्याकडं असेल. तिचं टोक लांब होतं का आखूड, मला सांगू नका. ते तुमच्या बाकीच्या बायांच्या कामी लावा.

त्याची जेवायची वेळ झालीय आता. ही भाजी घोटतेय आत, आवाज येतोय बघा. ताई सांगायची, त्या रक्तवाल्या बाईचा हात असा हलका, की सुई गेली कधी ते कळलंच नाही. माझ्या ध्यानात राहिलंय ते. तुम्हाला तुमची कामं आहेत, मला कळतं. नाही गिळलं तर नाही गिळलं, तुमच्यावर काही नाही, मी दाराआडच उभा राहतो, खोकला लागला तर मी बघतो. तो मोरीतला नळ जरा जोरात फिरवायला लागतो, साबण वरच्या फळीवर आहे. हात धुवा, बाई, आणि एक घास त्याला भरवून बघा.